देहाचे जतन हीदेखील साधना : आचार्य विनोबा भावे

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे येथे झाला. १९२१ मध्ये ते वर्ध्यास आले व आपल्या विदर्भाचेच झाले. कठोर जीवनचर्येने १९३८ साली त्यांचे वजन अवघे ८८ पौंड उरले. गांधीजींच्या आग्रहास मान देऊन ते धाम नदीकाठी पवनार येथे गेले व सर्व कामांची चिंता त्यांनी मनातून सोडली. मोकळी हवा आणि शेतात बेताचे खोदकाम यांनी काही महिन्यांत प्रकृती सुधारली. त्याच देहाने १९५१ पासून तेरा वर्षे भूदानाची पदयात्रा घडविली.

त्यांच्याच प्रेरणेने १९७४ मध्ये सर्व जैन संप्रदायांना मान्य असा ‘समणसुत्तं’ ग्रंथ सिद्ध झाला. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न व औषध वर्ज्य केले आणि १५ नोव्हेंबरला, दीपावलीच्या दिवशी, देह ठेवला.

चाळिशी ओलांडताच देह सावरणे आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी कृतार्थपणे त्याची आसक्ती सोडणे, यांत विरोध नाही. कार्य शिल्लक असता देहाची उपेक्षा हे तप नव्हे. षोडशकारण भावनांतील ‘शक्तितस्तप’ म्हणजे शक्तीनुसार तप. पर्युषणात उपवासाचा संकल्प करताना वैनगंगाकाठच्या आपल्या समाजाने हा विवेक जपावा.