बाभळीचा कोश, आरशांचे गंगाळ आणि पंडिता रमाबाई



निर्गमचे पुस्तक वाचायला घेतले की बाळ मोशेची पेटी, दहा पीडा आणि तांबडा समुद्र इथपर्यंतचे वाचन झपाट्याने होते. 25 व्या अध्यायापासून मात्र हात, कड्या, दांडे आणि पडदे यांची मापे सुरू होतात आणि आपण पाने उलटू लागतो. हीच पाने मूळ हिब्रूमधून साध्या मराठीत आणण्यासाठी एका स्त्रीने आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्या कॅथलिक नव्हत्या; पण पवित्र वस्तूचे पावित्र्य कशात असते, हा प्रश्न त्यांना जन्मभर सोडवावा लागला, म्हणून आज त्यांची ओळख करून देत आहोत.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. रमाबाई आईजवळच शिकल्या. पुराणे सांगत, तीर्थयात्रा करत हे कुटुंब देशभर पायी फिरले. होते नव्हते ते दानधर्मात संपले आणि 1870 च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई व भाऊ श्रीनिवास पुढे चालत राहिले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी विवाह झाला आणि 1882 मध्ये पतीही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, कडेवर लहानगी मनोरमा घेऊन, त्या पुण्याला आल्या.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. तिथे एक प्रसंग घडला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असावेत, असे भगिनींचे मत होते. रमाबाईंनी त्याला नकार दिला. क्रूस त्यांना हवा होता, पण त्यावरचे शब्द आपल्याला व आपल्या लोकांना कळणारे, संस्कृतातील असावेत, असा त्यांचा आग्रह होता. काहींना हा हट्टीपणा वाटला. आम्हाला त्यात मोठा विचार दिसतो. पवित्र वस्तू ही खूण असते, आणि खूण ओळखू आली नाही तर ती नुसता दागिना बनून राहते. आपल्या चर्चमध्येही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेला वाट मोकळी करून दिली, तेव्हा मराठीत मिस्सा होऊ लागली.

अमेरिकेतून परतल्यावर 1889 मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्याला नेले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना व विधवांना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात पोळलेली ही बाई त्यांची आई झाली. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. शेती, विणकाम आणि छापखाना ही सारी कामे तिथे बायका करू लागल्या. या बायकांना वाचून समजेल असे बायबल हवे, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि भाषांतराला बसल्या.

आता त्या पानांकडे वळू. कराराचा कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि दीड हात उंच होता. तो बाभळीच्या लाकडाचा होता. कामरगावच्या शिवारात धुऱ्यावर उभी असते, जिच्या लाकडाची औते होतात, तिच्याच कुळातले ते काटेरी झाड. त्यावर सोने मढवले, आत आज्ञांच्या पाट्या ठेवल्या आणि वर दोन करूब घडवले. करूबांच्या मधली जागा मोकळी होती. तिथे मूर्ती नव्हती. तिथून देव बोलत असे. मेजावर बारा भाकरी असत आणि दर शब्बाथाला त्या ताज्या ठेवल्या जात. सात दिव्यांच्या दीपवृक्षात जैतुनाचे तेल जळत असे. मंडपासाठी बकऱ्यांचे केस बायकांनी कातले. हातपाय धुण्याचे पितळी गंगाळ तर मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या बायकांच्या आरशांपासून बनले. ज्यात त्या आपला चेहरा पाहत, तेच त्यांनी देवाच्या सेवेला दिले.

पण याच कोशाला इस्राएल लोकांनी पुढे एकदा ताईत समजून रणांगणात नेले. मन देवाकडे वळले नव्हते. लढाई हरली आणि कोश पलिष्ट्यांच्या हाती गेला. वस्तू पवित्र होती, पण ती देवाची जागा घेऊ शकत नव्हती. सर्वस्व तीर्थयात्रेत संपलेल्या घरात वाढलेल्या रमाबाईंना हा धडा कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्या छापखान्यात त्यांचे बायबल छापले गेले, तिथेही बायकांचेच हात राबत होते. मंडपासाठी केस कातणाऱ्या त्या बायकांची आम्हाला इथे आठवण होते.

1921 मध्ये मनोरमा गेली. दुःख गिळून रमाबाईंनी काम चालू ठेवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले. ते त्यांना पाहता आले नाही.

बंधु-भगिनींनो, आपल्या वेदीजवळचा दिवा, ख्रिस्तप्रसादाची पेटी, दाराजवळचे पवित्र पाणी यांकडे आपण रोज पाहतो. सवयीने त्यांचा अर्थ पुसट होतो. देव आपल्यामध्ये वस्ती करतो, एवढेच त्या सांगतात. घरातील मुलांना या आठवड्यात त्यांतील एकेका वस्तूचा अर्थ आपल्या बोलीत सांगू या. आणि सांगता सांगता स्वतःलाही विचारू या: देवाच्या दाराशी ठेवावा असा आपला आरसा कोणता?