पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग

पेनिसिलिनचे इंजेक्शन दुखते. कमरेत घेतले की थोडा वेळ पाय जड वाटतो, लहान मूल तर सुई पाहूनच रडू लागते. त्याऐवजी गोळी चालणार नाही का, असे पालक नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्या माणसामुळे हे औषध जगाला मिळाले त्यांचे आयुष्य पाहिले, तर उत्तर चांगले समजते.

शेतकऱ्याचा मुलगा

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म 6 ऑगस्ट 1881 रोजी स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावाजवळच्या शेतावर झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. तेरा-चौदाव्या वर्षी ते लंडनला भावांकडे आले आणि पुढे चार वर्षे एका जहाज कंपनीत कारकुनी केली. काकांच्या मृत्युपत्रातून थोडे पैसे मिळाले आणि डॉक्टर असलेल्या भावाने वैद्यकीय शिक्षणाचा सल्ला दिला. 1906 मध्ये ते लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधून एमबीबीएस झाले आणि तिथल्याच प्रयोगशाळेत रुजू झाले. त्यांची सगळी कारकीर्द तिथेच गेली.

युद्धातल्या जखमा

पहिल्या महायुद्धात त्यांची नेमणूक फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात झाली. गोळी लागून जितके सैनिक दगावत, त्यांच्या जोडीला जखम सडून, विष अंगात भिनूनही पुष्कळ जण दगावत. तेव्हा जखमेत कडक जंतुनाशके ओतण्याची पद्धत होती. खोल जखमेत ही औषधे जंतूंपर्यंत पोहोचत नाहीत, उलट जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच मारतात, हे फ्लेमिंग यांनी दाखवून दिले. जंतूला मारील पण माणसाच्या पेशीला धक्का लावणार नाही असे काही हवे, हा ध्यास त्यांना तेव्हापासून लागला.

बशीतली बुरशी

सप्टेंबर 1928 मध्ये सुट्टीवरून परतल्यावर ते जंतू वाढवलेल्या जुन्या काचेच्या बशा तपासत होते. त्यांत गळू आणि फोड करणारे स्टॅफिलोकोकस जंतू होते. एका बशीत बुरशी आली होती आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळून गेले होते. भाकरीला बुरशी लागली की आपण ती फेकून देतो. फ्लेमिंग यांनी ही बशी जपून ठेवली.

बुरशीचा रस सुमारे 800 पट पातळ केला तरी जंतूंची वाढ थांबत होती आणि पांढऱ्या पेशींना त्याचा त्रास होत नव्हता. न्यूमोनियाचे आणि घशाचे जंतू त्याने मरत, टायफॉइडचे मरत नसत. 1929 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि त्या पदार्थाला पेनिसिलिन हे नाव दिले. पण तो रस शुद्ध करणे त्यांच्या प्रयोगशाळेला जमले नाही. पुढची दहा वर्षे हा शोध जवळजवळ पडून राहिला.

औषध अपुरे पडले तेव्हा

ते काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केले. मे 1940 मध्ये त्यांनी आठ उंदरांना जीवघेणा संसर्ग दिला. ज्या चारांना पेनिसिलिन मिळाले ते वाचले, बाकीचे चार मेले.

12 फेब्रुवारी 1941 रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला इंजेक्शने सुरू झाली. संसर्ग चेहऱ्यापासून फुप्फुसापर्यंत पसरला होता. एका दिवसात फरक दिसला, ताप उतरला, ते जेवू लागले. पण पेनिसिलिन लघवीवाटे भराभर बाहेर पडते. डॉक्टरांनी लघवीतून ते पुन्हा गाळून काढले आणि परत टोचले, तरी काही दिवसांत साठा संपला. आजार उलटला आणि 15 मार्चला ते वारले. औषध लागू पडत होते, पण ते पूर्ण देता आले नाही.

1942 मध्ये फ्लेमिंग यांच्या परिचयातला एक रुग्ण मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाने मरणाच्या दारात होता. त्यांनी फ्लोरी यांच्याकडून पेनिसिलिन मागवले, आधी स्नायूत आणि मग पाठीच्या मणक्यातून दिले. तो रुग्ण खडखडीत बरा झाला. त्यानंतर सरकार जागे झाले आणि 1944 पर्यंत युद्धातल्या जखमींसाठी भरपूर पेनिसिलिन तयार होऊ लागले.

1945 चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून मिळाले. त्या वेळच्या भाषणातच फ्लेमिंग यांनी बजावले होते, की अपुऱ्या मात्रेत औषध घेतले तर जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. 11 मार्च 1955 रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी आपल्या पुण्याजवळ पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती.

आपल्यासाठी यातून काय?

- सुईच का? साधे पेनिसिलिन-जी पोटातल्या आम्लाने बरेचसे नष्ट होते, म्हणून ते टोचावे लागते. लघवीवाटे लवकर निघून जात असल्याने गंभीर आजारात दवाखान्यात भरती करून दर चार ते सहा तासांनी शिरेतून देतात.

- 21 दिवसांचे इंजेक्शन: बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत हळूहळू विरघळते आणि तीन-चार आठवडे पुरते. रुमॅटिक तापामुळे हृदयाच्या झडपांना धोका असलेल्या मुलांना ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. साक्री-पिंपळनेर भागात कांदा काढणीला किंवा ऊसतोडीला घर सोडावे लागले की तारीख हुकते. मूल खेळते-बागडते, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण ताप पुन्हा उलटला तर झडप आणखी खराब होते. बाहेरगावी जाताना कागद सोबत ठेवा आणि तिथल्या सरकारी रुग्णालयात तारखेला इंजेक्शन घ्या. हे औषध शिरेतून कधीही द्यायचे नसते.

- ॲलर्जी: आधी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. टेस्ट नीट आली तरी इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. ओठ सुजणे, घसा आवळणे, चक्कर येणे असे काही वाटले तर लगेच सांगा.

- प्रत्येक तापाला नाही: सर्दी, फ्लू आणि डेंग्यूवर पेनिसिलिनचा उपयोग नाही. फ्लेमिंग यांच्या बशीतले स्टॅफिलोकोकस जंतू तेव्हा पेनिसिलिनने विरघळले. आज त्याच जातीचे बहुतेक जंतू साध्या पेनिसिलिनला दाद देत नाहीत.

ताप उतरला म्हणून कोर्स मध्येच सोडू नका. त्या पोलीस शिपायाच्या वेळी औषधच उरले नव्हते. आज ते आपल्या तालुक्यातही मिळते, तेव्हा सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा.