खापरांचा वाचक : डॉ. सांकलिया

प्राचीन ग्रीस देशांतील कुंभार आपल्या मृत्पात्रांवर पंखांचे घोडे, अर्धमानव-अर्धअश्व व सिंहदेही स्त्रिया रंगवीत असत. त्या चित्रांचा अर्थ आज लागतो, कारण ग्रीकांच्या पुराणकथा ग्रंथरूपानें शिल्लक आहेत. परंतु आपल्या तापी-गिरणेच्या कांठीं साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीं ज्यांनीं रंगीत भांडीं घडविलीं, त्यांनीं एक अक्षरही मागें ठेवलें नाहीं. अशा मुक्या खापरांना बोलतें करण्याची विद्या महाराष्ट्रांत रुजविणाऱ्या डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

त्यांचा जन्म ता. १० डिसेंबर १९०८ रोजीं मुंबईस एका गुजराती कुटुंबांत झाला. बालपणीं त्यांची प्रकृति फार नाजूक होती. आर्यांच्या मूलस्थानाविषयींचा लोकमान्य टिळकांचा ग्रंथ भाषांतररूपानें कुमारवयांतच त्यांच्या वाचनांत आला, आणि प्राचीन भारताचा शोध घेण्याचा त्यांनीं निश्चय केला. सेंट झेविअर कॉलेजांत त्यांना फादर हेरास यांच्यासारखा मिशनरी गुरु लाभला. पुढें लंडन विद्यापीठाची पीएच्. डी. पदवी संपादून व तेथें व्हीलरसाहेबांच्या उत्खननांत प्रत्यक्ष काम शिकून ते १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत प्राध्यापक झाले.

त्या काळीं दक्षिणेच्या इतिहासांत मोठी पोकळी होती. अश्मयुग संपल्यावर मौर्य-सातवाहनांपर्यंत येथें कोण नांदत होतें, हें कोणास नीट ठाऊक नव्हतें. १९५०-५१ सालीं नगर जिल्ह्यांतील जोर्वें येथें उत्खनन झालें आणि लाल अंगावर काळी नक्षी काढलेलीं भांडीं हातीं आलीं. पुढें नेवासें व इनामगांव येथें त्या लोकांचीं घरें, धान्य, इतकेंच नव्हे तर घराच्या जमिनीखालीं कुंभांत पुरलेलीं त्यांचीं बालकेंही सांपडलीं. पोकळी भरली ती राजांच्या नांवांनीं नव्हे, तर सामान्य शेतकऱ्यांच्या संसारानें.

याच सुमारास पुरातत्त्व खात्यानें खानदेशांत गिरणाकांठचें बहाळ आणि तापीकाठचें प्रकाशें येथें उत्खननें केलीं व तेथेंही तसाच पुरावा मिळाला. धुळें जिल्ह्यांतील सावळदें या गांवाचें तर भांड्यांच्या एका जातीसच नांव पडलें. त्यांवर मासे, पक्षी, पशु व बाणांचीं टोकें चितारलेलीं आहेत.

डॉ. सांकलिया यांना १९७४ सालीं पद्मभूषण पदवी मिळाली. ता. २८ जानेवारी १९८९ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रांनो, नदीकांठच्या पांढरीची माती शेतांत पसरण्यासाठीं नेतात, तेव्हां तिच्याबरोबर इतिहासाचीं पानेंही जातात. तेथें रंगीत खापर दिसल्यास तें उचलून नेऊं नका; जागा लक्षांत ठेवून आपल्या गुरुजनांस कळवा. जें पायदळीं पडलें आहे त्यालाही मान देणें, हीच या थोर पुरुषाची शिकवण होय.