चौतीस सेकंदांची वीज

१८९९ साली मुंबईच्या ट्रॅम घोडे ओढत होते. विजेची ट्रॅम यायला अजून आठ वर्षे होती. त्याच साली, २९ एप्रिल रोजी, पॅरिसजवळच्या आशेर गावी कामिय झेनात्झी या तांबड्या दाढीच्या बेल्जियन गृहस्थाने विजेवर चालणारी गाडी एक किलोमीटर अंतर ३४ सेकंदांत पळवली. ताशी १०५.८८ किलोमीटर! रस्त्यावरच्या मोटारीने शंभरी ओलांडली ती त्या दिवशी प्रथम, आणि ओलांडली ती पेट्रोलवर नव्हे, विजेवर. विजेच्या मोटारीची नवलाई सांगणाऱ्या आजच्या जाहिरातींत याचा पत्ता नसतो.

मला या गृहस्थाचे कुतूहल वाटू लागले ते शेजारच्या एका मुलामुळे. वैतरणा स्टेशनातून पहाटेची गाडी पकडून तो अभियांत्रिकी महाविद्यालयात जातो. तिथल्या पोरांनी शर्यतीसाठी विजेची गाडी बांधायला घेतली आहे. विद्यार्थ्यांच्या या स्पर्धांत सर्वांत जास्त गुण असतात ते दमसासाच्या शर्यतीला. अंतर सुमारे २२ किलोमीटर, मध्यावर चालक बदलायचा, बॅटरी मात्र तीच. वेगाचे विचारले की तो हात झटकतो. वेग कोणीही काढील, शेवटचा किलोमीटर गाठायचा कसा ते बोला, असे त्याचे म्हणणे. सव्वाशे वर्षांपूर्वी झेनात्झीच्याही वाटेत हाच प्रश्न आडवा पडला होता.

त्याच्या वडिलांचा रबराचा कारखाना होता. मुलगा अभियंता झाला आणि पॅरिसला येऊन विजेच्या भाड्याच्या गाड्या बांधू लागला. या धंद्यात झांतो हा त्याचा तालेवार प्रतिस्पर्धी. गिऱ्हाइकाला गाडीचा भरवसा वाटावा म्हणून शर्यती लावायच्या, असा तो काळ. १८९८च्या नोव्हेंबरात झेनात्झीने शांतलू इथली चढाची शर्यत जिंकली. पुढच्याच महिन्यात काउंट शासलू-लोबा या उमरावाने झांतोची गाडी आशेरच्या सपाट रस्त्यावर ताशी ६३ किलोमीटरने पळवली. झेनात्झीने त्याला आव्हान दिले. १७ जानेवारीला झेनात्झी ६६ वर गेला, तर त्याच दिवशी काउंट ७० वर. दहा दिवसांनी झेनात्झी ८०, मार्चमध्ये काउंट ९२. लिलावातल्या बोलीसारखे आकडे चढत गेले.

मग झेनात्झीने खास गाडी बांधली. नाव ठेवले ‘कधीच समाधानी नसलेली’. (घरोघरी हे नाव कोणाला उद्देशून असावे यावर पुष्कळ विनोद झाले असतील, ते सोडून देऊ.) हलक्या मिश्रधातूची, पाणतीरासारखी निमुळती काया; मागच्या चाकांना थेट जोडलेल्या दोन मोटारी; पोटात शिशाच्या बॅटऱ्या. वजन दीड टनाच्या आसपास. गंमत अशी की, वारा कापण्यासाठी एवढा आकार घडवला आणि चालक मात्र कमरेपासून वर उघडा, वाऱ्याला छाती देऊन बसलेला!

या गाडीचे खरे दुखणे एका फसलेल्या खेपेत दिसते. वेळ मोजणारे पंच तयार होण्याआधीच झेनात्झीने गाडी सोडली. धाव झाली, पण नोंद झाली नाही. आणि पुन्हा धावायला बॅटरीत जीव उरला नाही. हात हलवत परत जावे लागले.

हा प्रकार आम्हा बँकवाल्यांना चटकन कळतो. मुदत ठेव मुदतीआधी मोडली की हातात कमी पडते. शिशाच्या बॅटरीचेही तसेच. सावकाश वीज काढा, ती पुरती देते. घाईने उपसा, तर पट्ट्यांच्या आतपर्यंत आम्ल पोचण्याआधीच ती मान टाकते. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हा हिशेब १८९७ सालीच मांडला होता. शिवाय ती शिदोरी पाठीवर वाहायची. आमच्या वैतरणेच्या पुलावरून धडधडत जाणाऱ्या गाडीला ही चिंता नाही. डोक्यावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेतून ती लागेल तशी वीज घेते. झेनात्झीच्या डोक्यावर तार नव्हती. विजेने त्याला एक किलोमीटर दिला, तो त्याने सोन्याचा केला. पण शंभर किलोमीटर ती देणार नव्हती.

तो विक्रम तीन वर्षे टिकला. १९०२ साली सेर्पोलेच्या वाफेच्या गाडीने तो मोडला. तोवर झेनात्झी पेट्रोलकडे वळला होता. मला यात फितुरी दिसत नाही. ज्याला लांब जायचे होते, त्याने लांब नेणारे वाहन धरले. १९०३ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये होती, सुमारे ५२७ किलोमीटरची. मर्सिडीजच्या नव्या ९० अश्वशक्तीच्या गाड्या कारखान्याच्या आगीत जळाल्या. तेव्हा गिऱ्हाइकांकडून ६० अश्वशक्तीच्या गाड्या उसन्या घेतल्या. अशा एका उसन्या गाडीवर साडेसहा तासांहून अधिक वेळ टिकून राहून झेनात्झी पहिला आला. बेफाम हाकणारा म्हणून लोक त्याला लाल सैतान म्हणत. तो दिवस मात्र दमसासाचा होता, आणि माझ्या लेखी आशेरच्या ३४ सेकंदांहून तोच मोठा.

पुढे त्याने टायरचा व्यवसाय पाहिला. १९१३च्या डिसेंबरात आर्देनच्या रानात त्याने मित्रांना शिकारीला बोलावले होते. त्यांची थट्टा करावी म्हणून झुडपाआड लपून त्याने रानटी जनावराचा आवाज काढला. आवाज इतका हुबेहूब, की एका मित्राने गोळी झाडली. इस्पितळाकडे नेताना वाटेतच, मोटारीत, रक्तस्रावाने तो गेला. ती मोटार मर्सिडीज होती. आपले मरण मर्सिडीजमध्येच आहे असे तो पूर्वी म्हणत असे, अशी आख्यायिका आहे.

‘कधीच समाधानी नसलेली’ फ्रान्समध्ये कोंपिएन्यच्या मोटार संग्रहालयात जाऊन बसली.