गर्टी कोरी

स्मरणिकेसाठी आवडत्या शास्त्रज्ञाविषयी लिहायचे म्हटल्यावर मला गर्टी कोरीच आठवल्या. मी पडले सॉफ्टवेअरवाली. काही कमीजास्त झाले तर विज्ञानाच्या सर-बाईंनी सांभाळून घ्यावे.

गर्टींचा जन्म १५ ऑगस्ट १८९६ रोजी प्रागमधल्या ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकीच्या प्रवेशासाठी लागणारे लॅटिन, गणित, भौतिक आणि रसायन मुलींच्या शाळेत पुरेसे झालेले नव्हते. तो अभ्यास त्यांनी वर्षभरात भरून काढला. १९२० साली पदवी मिळवली, त्याच वर्षी वर्गमित्र कार्ल कोरींशी लग्न केले आणि १९२२ साली दोघे अमेरिकेत बफेलोला आले.

तिथे संचालकांनी गर्टींना बजावले, नवऱ्याबरोबर संशोधन केलेत तर नोकरी जाईल. पुढे एका विद्यापीठाने कार्लना जागा देऊ केली, पण अट तीच. कार्लनी ती जागा नाकारली. याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

१९२९ साली दोघांनी मांडलेले चक्र असे: जोराने पळताना स्नायू आपल्यातले ग्लायकोजेन वापरतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. ते रक्तातून यकृतात जाते, तिथे त्याची पुन्हा साखर होते आणि ती स्नायूंकडे परतते. खो-खोच्या मैदानावर आपल्याला धाप लागायची तेव्हा आत हेच चालले होते!

१९३१ साली ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. कार्ल विभागप्रमुख, तर गर्टी संशोधन सहायक, नाममात्र पगारावर. १९३६ साली बेडकाच्या स्नायूंवर काम करताना त्यांना ग्लुकोज-१-फॉस्फेट सापडले. त्याच वर्षी मुलगा झाला. मग ग्लायकोजेन फोडणारे विकर, फॉस्फोरिलेज, हाती आले आणि त्याच्याच मदतीने त्यांनी परीक्षानळीत ग्लायकोजेन बनवून दाखवले. पूर्ण प्राध्यापकपद मात्र १९४७ साली मिळाले, म्हणजे सोळा वर्षांनी. नोबेलही त्याच वर्षी. अप्रेझलच्या दिवसांत मी हे मैत्रिणींना सांगते. कुणाला धीर येतो. मला संताप येतो.

त्याच वर्षी डोंगर चढताना आजार लक्षात आला. अस्थिमज्जा रक्त बनवेनाशी झाली होती. पुढची दहा वर्षे रक्त चढवून घेत त्या प्रयोगशाळेत येत राहिल्या. याच काळात, १९५२ साली, त्यांनी आणि कार्लनी दाखवले की मुलांच्या यकृतात ग्लायकोजेन साचण्याच्या एका जन्मजात आजारात एक ठरावीक विकरच नसते. ग्लायकोजेन साचण्याच्या आजाराचे कारण विकरापर्यंत नेऊन भिडवण्याची ती पहिलीच वेळ होती. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी त्या गेल्या.