बाळू पालवणकर : कर्णधारपद नाकारले गेलेला थोर गोलंदाज

नाशिक आणि क्रिकेट म्हटले की पहिले नाव ओठांवर येते ते बापू नाडकर्णी यांचे. ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकला जन्मलेल्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली आणि काटेकोर गोलंदाजीचा एक मानदंड घालून दिला. मात्र डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीची मराठी परंपरा नाडकर्णी यांच्याही बरीच मागे जाते. तिच्या उगमाशी एक नाव उभे आहे, ते म्हणजे बाळू पालवणकर. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना पी. बाळू म्हणून ओळखले. चेंडूवर विलक्षण हुकूमत असलेल्या या खेळाडूला त्याच्या काळातील सर्वश्रेष्ठ भारतीय गोलंदाज मानले गेले. परंतु ज्या संघाला त्याने विजय मिळवून दिले, त्या संघाचे नेतृत्व त्याला कधीच रीतसर लाभले नाही. कारण एकच होते. बाळू चर्मकार समाजात जन्मले होते.

छावणीतले बालपण

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे. त्यावरूनच हे आडनाव आले. बाळूंचा जन्म सन १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्याने कुटुंब पुढे पुण्यात आले. इंग्रज अधिकारी वापरून टाकून देत ते चेंडू आणि बॅटी घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम छावणीच्या परिसरात क्रिकेट शिकले. त्यांना ना कोणी गुरू होता, ना शाळेचे मैदान. पाहायचे आणि करून बघायचे, एवढीच त्यांची तालीम.

घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि बाळू मैदानावर पोहोचले ते खेळाडू म्हणून नव्हे, तर कामगार म्हणून. पुण्यातील पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे आणि सभासदांना अधूनमधून सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम होते. त्यासाठी महिना तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपीयांच्या पूना क्लबमध्ये गेले. तेथे पगार चार रुपये झाला. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, रोलर ओढणे ही कामे तेथेही होतीच. क्लबच्या एका इंग्रज सभासदाने त्यांना सरावात गोलंदाजी करू दिली आणि त्यांच्या बोटांतील कसब सर्वांच्या लक्षात आले.

त्या काळी पूना क्लबचा अव्वल फलंदाज होता कॅप्टन जे. जी. ग्रेग. इतर सभासद येण्याआधी तासभर मैदानावर येऊन तो बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत असे. आपल्याला बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देण्याचे त्याने कबूल केले होते, असे सांगितले जाते. महिन्यात आठ वेळा ग्रेगचा बळी मिळवला, तर पगाराएवढी रक्कम हाती पडावी असा हा हिशेब होता. बाळूंनी शेकडो तास ग्रेग व इतर साहेबांना गोलंदाजी केली. पण फलंदाजीची संधी त्यांना तेथे मिळाली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान मानला जाई, चेंडू टाकणे हे नोकराचे काम. आज ज्याला निमव्यावसायिक म्हणता येईल असा हा खेळाडू होता. पैसे मिळत ते मैदानाची देखभाल करण्याचे, गोलंदाजी मात्र त्या मजुरीतच जमा.

चेंडू एकच, कपबशी वेगळी

युरोपीयांना आव्हान देऊ पाहणाऱ्या पुण्यातील हिंदू संघापुढे आता पेच उभा राहिला. शहरातील सर्वोत्तम गोलंदाज समोर होता. पण त्याला संघात घेतले तर त्याच्यासोबत वावरावे लागणार होते. संघातील काहींचा त्यास विरोध होता. बाळूंना वगळून हिंदू आपलेच नुकसान करून घेत आहेत, असे खुद्द ग्रेगने बोलून दाखविल्यावर निर्णय बदलला, असे सांगतात. बाळू संघात आले.

मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावीत. त्यात कोणाला विटाळ वाटला नाही. चहापानाची वेळ झाली की चित्र पालटे. इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपांतून चहा घेत, तर बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणासाठी त्यांचे पान वेगळे आणि जागाही वेगळी. हात-तोंड धुवायचे तर पाणी आणून देण्यासाठी अस्पृश्य समाजातील नोकरच लागे. त्यांनी घेतलेले बळी मात्र संघाच्या खात्यात बिनदिक्कत जमा होत.

पुण्याच्या संघाची कसोटी साताऱ्यात लागली. केवळ गोऱ्यांना प्रवेश असलेल्या सातारा जिमखान्याविरुद्ध तेथे सामना ठरला होता. बाळूंची फिरकी बोथट करण्यासाठी यजमानांनी खेळपट्टीवर अनेक दिवस रोलर फिरवून ती टणक केली होती, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात बळी मिळवले आणि पुण्याचा संघ विजयी झाला. या विजयाने त्यांचे नाव मैदानाबाहेरही पोहोचले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक यांनी त्यांची जाहीर प्रशंसा केली. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खाण्यापिण्यास हरकत का असावी, हा प्रश्न रानडे यांनी सवर्ण खेळाडूंपुढे ठेवला.

मुंबईचा जिमखाना आणि १९०६ चा विजय

१८९६ नंतर आलेल्या प्लेगच्या साथीत पालवणकर कुटुंबाने पुणे सोडले आणि बाळू मुंबईस आले. येथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशाला काही सभासदांनी आक्षेप घेतला. मात्र कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि विरोध मावळला. पुढे बाळूंना बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. नोकरी सांभाळून ते रेल्वेच्या संघातूनही खेळू लागले. चांगल्या खेळाडूला नोकरी द्यावी आणि त्याने कंपनीच्या संघातून खेळावे, ही पद्धत पुढे भारतीय क्रिकेटमध्ये चांगलीच रुळली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपीय असा सामना झाला. बाळू आणि शिवराम हे दोघेही बंधू हिंदू संघात होते. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपीयांचा पहिला डाव १९१ धावांवर संपला आणि दुसऱ्या डावात तर ते १०२ धावांतच गारद झाले. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला. बाळू या विजयाचे प्रमुख शिल्पकार होते. बंगालच्या फाळणीने देश ढवळून निघाला असताना राज्यकर्त्यांवर मिळवलेला हा विजय केवळ खेळातला राहिला नाही. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने त्यात दुहेरी समाधान मानले. पुण्यात बाळूंसोबत खेळणे सुरू झाले होते, मुंबईत सहभोजनही घडले, याची त्याने आवर्जून नोंद घेतली.

इंग्लंडचा दौरा

१९११ मध्ये पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ म्हणून हा दौरा अपयशी ठरला. एकूण २३ सामन्यांपैकी १५ सामने भारतीयांनी गमावले. महाराजांचे लक्ष मैदानापेक्षा मेजवान्या आणि समारंभांकडे अधिक राहिले आणि मोजकेच सामने खेळून ते संघापासून दूर झाले. परक्या हवामानात, परक्या खेळपट्ट्यांवर गोलंदाजीचा भार वाहिला तो पस्तिशीतल्या बाळूंनी. दुखऱ्या खांद्यानिशी त्यांनी दौऱ्यात ११४ बळी मिळवले आणि तेही अवघ्या १८.८६ धावांच्या सरासरीने. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लीस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी घेऊन त्यांनी संघाला विजय मिळवून दिला. सॉमरसेटवर मिळालेल्या निसटत्या विजयात बंधू शिवराम यांनी नाबाद शतक झळकावले. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी हे दोनच सामने भारतीयांनी जिंकले आणि त्या दोन्हींत पालवणकर बंधूंचा मोठा वाटा होता.

मायदेशी परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. समाजाला अभिमानाने सांगता येईल असा एक पुरुष लाभला होता. त्या वेळी महाविद्यालयात शिकणारे तरुण भीमराव आंबेडकर हेही त्यांच्या चाहत्यांपैकी एक होते.

१९२० चा संघर्ष

१९१२ मध्ये मुसलमानांचा संघ दाखल झाला आणि मुंबईची तिरंगी स्पर्धा चौरंगी झाली. विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन पालवणकर बंधूही हिंदू संघातून खेळू लागले. १९१० नंतर दरवर्षी बाळूंना कर्णधार करावे अशी मागणी होई आणि दरवर्षी ती डावलली जाई. अनुभव, कर्तृत्व आणि खेळाची जाण या तिन्ही कसोट्यांवर त्यांच्या तोडीचा दावेदार नव्हता. तरीही कर्णधारपद उच्चवर्णीय खेळाडूकडेच जात राहिले.

१९२० मध्ये या अन्यायाला तोंड फुटले. नियोजित कर्णधार एम. डी. पै आजारी पडल्याने पहिल्या सामन्यासाठी नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि बाळूंना संघातूनच वगळले गेले. पुण्याचे प्राध्यापक देवधर गुणी फलंदाज होते. पण अनुभवाने पालवणकरांहून बरेच कनिष्ठ. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली भूमिका जाहीर निवेदनाद्वारे लोकांसमोर मांडली. आपल्याला जातीमुळे डावलले जाते, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. त्याच डिसेंबरात नागपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा पुरस्कार झाला. अशा वातावरणात निवड समितीला लोकमताकडे डोळेझाक करणे शक्य नव्हते. अंतिम सामन्यासाठी पै संघात परतले, पालवणकर बंधूही परतले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामना सुरू असताना पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. सुमारे दोन तपांच्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला आलेला हाच काय तो मान.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि १५.२१ धावांची सरासरी अशी नोंद मागे ठेवून बाळू निवृत्त झाले. त्यांना नाकारलेले पद १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठल यांना मिळाले. त्या वर्षी विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपीयांना नमवून चौरंगी स्पर्धा जिंकली आणि विजयी कर्णधाराला प्रेक्षकांनी खांद्यावर घेतले.

नाशिक, येवला आणि मतभेद

मैदान सोडल्यानंतर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. हा अस्पृश्यांच्या चळवळीतील धगधगता काळ होता आणि नाशिक हे तिचे एक केंद्र बनले होते. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला. परंतु मंदिराची दारे उघडली नाहीत. त्या अनुभवातून १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची ऐतिहासिक घोषणा केली.

बाळूंचा मार्ग वेगळा होता. हिंदू समाजात राहूनच त्याचे मन पालटता येईल, अशी त्यांची धारणा होती. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी त्यांना मान्य नव्हती. पुढे १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल सुरू करणारे डॉ. बा. शि. मुंजे आणि मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा यांच्यात राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघांचा करार झाला. त्याला बाळूंनी पाठिंबा दिला. महात्मा गांधींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांबरोबर बाळूंचीही स्वाक्षरी आहे. येवल्याच्या घोषणेला त्यांनी उघड विरोध केला; धर्मांतराने समाजाचा घात होईल, असे त्यांचे मत होते.

१९३७ च्या मुंबई विधिमंडळ निवडणुकीत काँग्रेसने राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. ज्या तरुणाने कधीकाळी त्यांचे कौतुक केले, तोच आता प्रतिस्पर्धी होता. आंबेडकरांना १३,२४५ तर बाळूंना ११,२२५ मते मिळाली. दलित समाजाने आपला कौल दिला होता. ज्यांनी मातीच्या भांड्यातला चहा प्यायला त्यांनी समेटाची वाट धरावी आणि ज्यांनी बंद दारांचा अनुभव घेतला त्यांनी ती कायमची सोडावी, हा त्या काळाचाच पेच होता. बाळूंच्या संयमामागे क्रिकेटने दिलेला अनुभव असावा. तिथे भिंती हळूहळू का होईना, खचताना त्यांनी पाहिल्या होत्या.

विस्मरण आणि स्मरण

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. तोवर कसोटी क्रिकेटचे युग आले होते. चौरंगी आणि पंचरंगी सामने इतिहासजमा झाले होते. नव्या पिढीला रणजी, देवधर, नायडू ही नावे ठाऊक होती. बाळूंचे नाव मात्र मागे पडत गेले. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'माझे क्रीडा-जीवन' या आत्मचरित्रामुळे या कुटुंबाची हकिगत मराठीत टिकून राहिली. पुढे इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या २००२ मधील 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या ग्रंथाने ती देशभर पोहोचवली. त्याआधी वर्षभर 'लगान' चित्रपटातील कचरा हा फिरकी गोलंदाज पडद्यावर आला होता आणि बाळूंची कहाणी वाचणाऱ्या अनेकांना तो आठवल्यावाचून राहिला नाही.

कचराला मात्र त्याच्या कर्णधाराने सर्वांसमोर हाताला धरून संघात घेतले. चार रुपये पगारावर रोलर ओढणाऱ्या बाळूंना ती जागा एकेक बळी घेऊन कमवावी लागली आणि तरीही शेवटची पायरी त्यांच्यासाठी बंदच राहिली. ती ओलांडली ती त्यांच्या भावाने, तीन वर्षांनंतर.