लाकडी विमानाचे शिल्पकार : जेफ्री डी हॅविलंड

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, लाकडाचं विमान म्हटलं की मुलांना खेळणंच आठवतं. पण दुसऱ्या महायुद्धातलं एक अत्यंत वेगवान बॉम्बफेकी विमान खरोखरच लाकडाचं होतं. त्याचं नाव मॉस्किटो, म्हणजे डास. ते घडवणाऱ्या माणसाची गोष्ट आज पाहू या.

जेफ्री डी हॅविलंड यांचा जन्म २७ जुलै १८८२ रोजी इंग्लंडमध्ये हाय विकम या गावाजवळ झाला. वडील धर्मोपदेशक होते. जेफ्री यांचा ओढा मात्र यंत्रांकडे. आजोबांनी दिलेल्या १००० पौंडांतून त्यांनी आपला मित्र फ्रँक हर्ल याच्या मदतीने पहिलं विमान बांधलं. पंखांचं कापड पत्नी लुईझा यांनी शिवलं. १९०९ च्या डिसेंबरात ते विमान पहिल्याच उड्डाणात कोसळलं. जेफ्री बचावले. इंजिनही वाचलं होतं. तेच इंजिन लावून त्यांनी दुसरं विमान केलं आणि १९१० मध्ये ते उडालं!

१९२० मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांना फुलपाखरं आणि पतंग यांचा अभ्यास करायला आवडायचं, म्हणून आपल्या छोट्या विमानांना त्यांनी 'मॉथ' म्हणजे पतंग हे नाव दिलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले, ते याच कंपनीच्या 'पस मॉथ' विमानातून.

युद्ध आलं तेव्हा धातूची चणचण होती, सुतार मात्र भरपूर होते. म्हणून डी हॅविलंड यांनी लाकडी हलकं विमान सुचवलं. माणसं फक्त दोन आणि बंदूक एकही नाही. वेग हेच संरक्षण. अधिकाऱ्यांना हे पटेना. एकट्या विल्फ्रिड फ्रीमन या वरिष्ठ अधिकाऱ्याने बाजू लावून धरली, म्हणून मार्च १९४० मध्ये ५० विमानांची मागणी मिळाली. २५ नोव्हेंबर १९४० रोजी पहिलं मॉस्किटो उडालं. चालवत होता थोरला मुलगा, धाकटा जेफ्री.

हे लाकूड टिकलं कसं? बाहेरून-आतून बर्च लाकडाचे पातळ थर आणि मध्ये अगदी हलकं बाल्सा लाकूड. वर्गात पुठ्ठ्याचा खोका कापून दाखवा : दोन कागदांमधल्या नागमोडी थरामुळे तो हलका असूनही ताठ राहतो, हे मुलांना लगेच कळेल.

फर्निचरच्या कारखान्यांत या विमानाचे भाग तयार होऊ लागले. चाचणीत त्याने ताशी सुमारे ६३० किलोमीटर वेग गाठला. ३० जानेवारी १९४३ रोजी भर दिवसा बर्लिनवर जाऊन या विमानांनी गोरिंगचं रेडिओवरचं भाषण लांबवलं. अडचणीही आल्या. १९४४ मध्ये भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही विमानांच्या पंखांचे जोड सुटू लागले, तेव्हा उड्डाणं थांबवून तपासणी करावी लागली. एकूण सुमारे ७,७८० मॉस्किटो बांधली गेली.

या यशाची किंमत घरानेच मोजली. ऑगस्ट १९४३ मध्ये दोन मॉस्किटो हवेत एकमेकांवर आदळली आणि त्यात सर्वांत धाकटा मुलगा जॉन गेला. १९४४ मध्ये वडिलांना 'सर' किताब मिळाला. सप्टेंबर १९४६ मध्ये नव्या जेट विमानाची चाचणी घेताना थोरला जेफ्रीही गेला. पहिलं मॉस्किटो आकाशात नेणारा तोच हा मुलगा. १९४९ मध्ये लुईझाही गेल्या. तरीही वडिलांनी काम सोडलं नाही. त्याच वर्षी, त्यांच्या ६७ व्या वाढदिवशी, त्यांच्या कंपनीचं 'कॉमेट' हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान उडालं. २१ मे १९६५ रोजी त्यांचं निधन झालं.

पालकहो, ही गोष्ट सांगताना विमानाच्या वेगावरच थांबू नका. त्याचे बॉम्ब ज्यांच्यावर पडले त्यांचीही घरं होती, तिथेही मुलं गेली. हातातलं कौशल्य कशासाठी वापरायचं, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा आणि त्यांचं उत्तर शांतपणे ऐकून घ्या.